एकट्याने गायलेली पहिली गाणी

"ऐकलंस?" असं विचारून वहिनी तबकडीवरची सुई उचलायच्या आणि मी तोंड उघडायच्या आत ती जरा मागे नेऊन परत टेकवायच्या. "नाही ऐकलंस. परत ऐक." गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं, पण ते सरळ शेवटापर्यंत गेलेलं मी त्यांच्या घरी कधी ऐकलं नाही. मध्येच त्या उठून चहाचं आधण ठेवायच्या, खिडकी उघडायच्या, बाहेर कोणाची सायकल आडवी पडलेली दिसली की ती उभी करून यायच्या आणि आल्या आल्या तिसऱ्याच ठिकाणी सुई टेकवायच्या. बसलेली मी असायचे आणि दमायचेही मीच.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. आपण "बसा हो" म्हणतो, त्या "बसलेच आहे" म्हणतात आणि खुर्चीच्या कडेला असं टेकतात, की खुर्चीलाही विश्वास वाटू नये. उइटहॉर्न या आमच्या डच गावात, आमच्याच ओळीत, चार घरं सोडून वहिनी राहायच्या. सकाळी ट्रामला निघावं तर वहिनी आम्स्टल नदीच्या बाजूने सायकलवरून परत येताना दिसायच्या, आणि आज कुठे जाऊन आलात म्हटलं तर म्हणायच्या, "कुठे नाही गं, पाय शिवशिवत होते."

नाव लिहीत नाही. लिहिलं तर इथल्या अर्ध्या मराठी लोकांना लगेच कळेल, आणि उरलेले अर्धे मला फोन करून विचारतील. आमच्यासाठी ते दोघं नवराबायको म्हणजे दादा आणि वहिनी. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम म्हणजे सूत्रसंचालन या जोडीचं, हे इतकं ठरलेलं होतं की कोणी त्यांना दरवर्षी वेगळं विचारतही नसे. वहिनींनी एक वाक्य टाकायचं आणि दादांनी त्यावर टोला मारायचा. वहिनी म्हणणार, "आता येणाऱ्या कलाकारांची ओळख करून द्यायची गरजच नाही," आणि दादा अगदी शांतपणे, "कारण ते अजून ट्रॅफिकमध्ये आहेत." लोक गाणी विसरून जायचे आणि ही वाक्यं वर्षभर एकमेकांना ऐकवायचे. पुण्याहून नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलींना मोठ्या बायका सांगायच्या, संसार करावा तर असा.

मंडळात बायकांकडे फराळ आणि रांगोळी, पुरुषांकडे भाषणं. दोन्हींतून सुटका व्हावी म्हणून मी माईक आणि स्पीकर मागून घेतले. ऑफिसात मी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, सणासुदीला त्यांच्या आवाजातल्या. हॉलच्या मागच्या टोकाला मिक्सरपाशी बसलं की सगळ्यांचं सगळं ऐकू येतं आणि आपल्याला कोणी काही विचारत नाही. मला ते फार मानवतं.

तर अशा त्या जोडीतले दादा एका वसंतात रॉटरडॅमला राहायला गेले. ऑफिस तिकडे बंदराजवळ, जाण्यायेण्यात दिवस जातो, असं आधी सांगितलं गेलं. पुढे तेही सांगणं थांबलं. भांडण नाही, तिसरं माणूस नाही, आदळआपट नाही. आमच्या लोकांची मोठीच पंचाईत झाली, कारण जिला कारणच नाही ती बातमी पुढे सांगायची कशी? मग प्रत्येकाने आपापल्या घरातलं एकेक कारण काढून त्यांना चिकटवलं. वहिनींना आता काय म्हणून हाक मारायची इथून सुरुवात. मी विचारलंच त्यांना. "वहिनीच म्हण," त्या म्हणाल्या. "आता नवं काही शोधत बसू नकोस."

खरं काय ते त्यांनी मला एकदा फरसबी मोडता मोडता सांगितलं. "आम्ही घरी बोलायचोच नाही गं. स्टेजवर बोलायचो." दिवाळी जवळ आली की दादा वरच्या खोलीत बसायचे, त्या खाली, आणि फोनवर एकमेकांना वाक्यं पाठवायचे. इकडून वाक्य गेलं की वरून टोला यायचा, त्या स्वयंपाकघरात एकट्याच हसायच्या, वर दादाही बहुधा हसत असतील. कार्यक्रम उरकला की त्याच फोनवर वर्षभर "दूध आणा" आणि "उशीर होईल". हे ऐकून मला रागच आला. कोणाचा ते मात्र धड कळेना, म्हणून मी उरलेली फरसबी मोडायला घेतली.

तबकड्या आल्या त्या त्याच वसंतात, एप्रिलात. राजाच्या वाढदिवसाला इथे लोक घरातलं नकोसं सामान रस्त्यावर चादरी पसरून विकायला मांडतात. बाहुल्या, कपबश्या, बुटांचे जोड, लग्नातल्या फुलदाण्या. एका म्हाताऱ्या डच बाईसमोर खोकंभर छोट्या तबकड्या होत्या. तिचा नवरा बोटीवर कामाला होता, अमेरिकेहून घेऊन यायचा. वहिनींनी ते खोकं उचललं. त्यांच्याकडे ते वाजवायला काही नव्हतं, पण असल्या गोष्टी त्यांना आधी सुचत नसत. प्लेयर पुढच्या आठवड्यात क्रिंगलोपमधून, म्हणजे इथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून, सायकलच्या मागे बांधून आणला. वाटेत त्याच्या झाकणाची बिजागरी तुटली. त्यांचा मुलगा ख्रोनिंगेनला शिकतो, तो सुट्टीत आला तर त्याला कौतुकाने एक गाणं लावून दाखवलं. "आई, धिस इज ऑल ऑनलाइन," तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "मीही ऑनलाइन असते. तू येतोस का बघायला?"

खोक्यात बरंच काही होतं, पण त्या अडकल्या एकाच गायकापाशी. अमेरिकेतला काळा माणूस, लहानपणापासून चर्चमध्ये गाऊन तयार झालेला. सोल म्हणतात त्या गाण्यांना. मला त्यातलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच कळलं, की आपल्याकडे एखादा कीर्तनकार बोलता बोलता एकदम गळा मोकळा सोडतो, आणि मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसलेली बाईही पदर सावरते, तसं काहीतरी आहे. आधी तो चौघांच्या कंपूत गायचा. कंपू सोडून एकटा गायला लागला आणि पुढे खूप मोठा झाला. वहिनींच्या खोक्यातल्या तबकड्या त्या मधल्या काळातल्या. एकट्याने गायलेल्या अगदी पहिल्या, ज्या तेव्हा कोणी फारशा घेतल्याच नाहीत.

त्याचं नाव वहिनींनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचा उल्लेख करायच्या तसं, नुसतं "हा". "हा आज बरा गातोय." "इथे ह्याला सर्दी झालीय, नाक बघ." मी एकदा चेष्टेने म्हटलं, उखाणा तरी घ्या. तर म्हणाल्या, "उखाणा कंपू सोडून गेलेल्याचा घेत नाहीत." आणि दोघी खूप हसलो. मग त्या उठून कपडे वाळत घालायला गेल्या.

वाढदिवसाला कोणीतरी त्यांना ह्याच्या गाजलेल्या गाण्यांची मोठी, नवी कोरी तबकडी दिली. ती त्यांनी एकदा ऐकली आणि दुसऱ्या आठवड्यात क्रिंगलोपला देऊन आल्या. मला ते विचित्रच वाटलं. मी म्हटलं, अहो, ही तर चांगली गाणी, एवढी नावाजलेली.

"तिथे सगळे त्याच्या बाजूने आहेत," वहिनी म्हणाल्या. "वाजवणारे, टाळ्या देणारे. तिथे माझं काय काम?"

मग त्यांनी पहिल्यांदा मला सांगितलं, की त्या "ऐकलंस?" म्हणून काय ऐकायला सांगत होत्या. कंपूत असताना हा पुढे गायचा आणि मागचे तिघं त्याची ओळ उचलायचे. एकजण शेवटचे शब्द परत म्हणायचा, बाकीचे नुसते हुंकार भरायचे. वर्षानुवर्षं तसं गाऊन ओळ तिथेच सोडायची सवय गळ्याला लागलेली. एकटा झाल्यावर कंपनीने मागे व्हायोलिनं लावली, नाहीतर पैसे देऊन बोलावलेल्या अनोळखी बायका. पण हा आपला तसाच गातोय. प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडी जागा सोडतोय, त्या तिघांसाठी, आणि तिथे कोणी येत नाहीये. वहिनींनी सुई टेकवली. खरंच, ओळ संपत होती आणि पुढे एक खड्डा होता. व्हायोलिनं तो बुजवायला धावत होती, पण जराशी उशिराच.

त्या दिवशी पहिल्यांदा मी म्हटलं, परत लावा. कारण त्या खड्ड्याच्या अलीकडे मला काहीतरी वेगळं ऐकू आलं होतं. वहिनींनी लावलं. मी प्लेयरच्या स्पीकरला कान लावून बसले. परत लावायला सांगितलं, अजून एकदा. शेवटी माझी खात्री झाली. माणूस माईकसमोरून तोंड बाजूला नेतो तेव्हा आवाज कसा एका क्षणात पातळ होतो, हे मी आमच्या मंडळाच्या प्रत्येक अध्यक्षांच्या भाषणात ऐकलेलं आहे.

"वहिनी, हा नुसता थांबत नाहीये," मी म्हटलं. "मान वळवतोय. दर ओळीच्या शेवटी बाजूला बघतोय."

"तिथे ते उभे असायचे," वहिनी म्हणाल्या.

गाणं पुढे चालू राहिलं. त्यांनी सुई उचलली नाही. तबकडी संपून नुसती खरखर येत राहिली तरी त्या तिथेच उभ्या होत्या, एक हात टेबलावर ठेवून. शेवटी मीच उठून प्लेयर बंद केला.

या सगळ्यात पुण्याहून त्यांच्या भावाचे फोन सुरू होते. परत ये, तिकडे एकटी काय करतेस, वरची खोली रिकामीच आहे, आम्ही दोघं तुला काही कमी पडू देणार नाही. माणूस वाईट नव्हता, जीव तोडून सांगायचा. उइटहॉर्नचं घर दोघांच्या नावावर होतं आणि ते वर्षअखेर विकायचं ठरलं होतं, म्हणजे कुठेतरी जायचं तर होतंच. वहिनींची डच भाषा आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली होती, परमिटचीही अडचण नव्हती. राहणं शक्य होतं. राहवेल का, हा प्रश्न होता. त्या महिन्यांत त्यांनी घरातलं फर्निचर इतक्या वेळा हलवलं, की मी दारातून आत पाय टाकताना आधी बघून घ्यायचे.

ऑगस्टात मंडळाची बैठक झाली आणि दिवाळीचं सूत्रसंचालन कोणी करायचं या विषयाशी येऊन सगळे चकल्यांची चर्चा करू लागले. वहिनीच म्हणाल्या, "मी करते. एकटी." कोणी नाही म्हणालं नाही, हो म्हणायलाही कोणाला सुचलं नाही. अध्यक्षकाकांनी चष्मा पुसला. बाहेर पडल्यावर सायकलचं कुलूप काढताना त्या मला म्हणाल्या, "हा कार्यक्रम एकटीने निभावला तर मी इथेच राहते. नाही जमला तर डिसेंबरात पुणे. मी ठरवलंय." मी म्हटलं, एका कार्यक्रमावर एवढं कोणी ठरवतं का? तर म्हणाल्या, "मला दुसरं काही येतंय कुठे त्याच्याशिवाय?" ते खरं नव्हतं, पण त्या क्षणी त्यांना तसंच वाटत होतं.

आणि मग आमच्या लोकांनी ती चूक केली, जी फक्त आमचेच लोक करू शकतात. पोस्टर नवीन कोण करत बसणार? मागच्या वर्षीचं उघडलं, तारीख बदलली, पणतीचा रंग बदलला आणि ग्रुपवर टाकून दिलं. खाली ठळक अक्षरांत सूत्रसंचालन, श्री. व सौ. आणि ते आडनाव. तासाभरात त्यावर फुलं, टाळ्या, नमस्कार, "यंदाही धमाल" असं सगळं येऊन पडलं. कोणाच्या तरी लक्षात येऊन सुधारित पोस्टर गेलं तोवर रॉटरडॅमहून दादांचाही अंगठा आला होता. काकांनी घाईघाईने त्यांना फोन केला, काय झालं ते चाचरत सांगितलं. दादा म्हणाले, हरकत नाही, मी नुसता बघायला येतो. आता याला नको कसं म्हणणार?

वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या शिडीवर चढून दिव्याचं शेड पुसत होत्या. "येऊ दे," म्हणाल्या. "तिकीट काढूनच येईल ना?"

आमची दिवाळी पहाट सकाळी दहाला होते, कारण हॉलची किल्ली नऊच्या आधी मिळत नाही. त्या दिवशी सवयीने मी माईकचे दोन स्टँड बाहेर काढले, मग एक परत पेटीत ठेवला. वहिनी मोतिया रंगाची साडी नेसून आल्या आणि स्टेजच्या उजव्या बाजूला, नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. मधोमध या, असं मी मागून हाताने खुणावलं. त्यांनी बघितलं नाही. दादा तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते, कोट मांडीवर घेऊन. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली, कारण तिथे बसणं म्हणजे बाजू घेणं झालं असतं.

सुरुवातीला वहिनी पळतच सुटल्या. स्वागत, दीपप्रज्वलन, पहिलं गाणं, दुसरं गाणं, कोणाला श्वास घ्यायला वेळ दिला नाही. लोक जरा अवघडून, पण मनापासून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, निभावतंय. मग आमच्यातल्याच एका हौशी गायकाची ओळख करून द्यायची होती. वहिनी म्हणाल्या, "आता जे गाणार आहेत त्यांनी गेले दोन महिने, आम्स्टलच्या काठाने सायकल चालवता चालवता रोज रियाज केलाय."

आणि त्या थांबल्या. 'केलाय' हा शब्द पातळ झाला. मी मिक्सरवरून मान वर केली. त्यांचं तोंड माईकसमोर नव्हतं. त्या डावीकडे बघत होत्या, जिथे कोणी उभं नव्हतं.

माझा हात बटणावर होता. पण कोणी बोलतच नसेल तर आवाज वाढवून काय करणार?

"म्हणूनच यंदा बदकं लवकर दक्षिणेला गेली," तिसऱ्या रांगेतून दादा म्हणाले.

अगदी शांतपणे, नेहमीसारखं. माईक नसूनही मागच्या भिंतीपर्यंत आलं. आणि हॉल असा काही हसला, की लहान मुलं दचकली. पोटभर, सुटल्यासारखे हसले सगळे, मीही हसले. मग ज्याच्या त्याच्या लक्षात येत गेलं आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. कोणीतरी उगाच खोकलं. दादा मांडीवरच्या कोटाकडे बघत होते.

वहिनींनी मान सरळ केली. स्टँडवरून माईक काढून हातात घेतला आणि जवळजवळ हनुवटीला टेकवला. आता मान कुठेही वळली असती तरी आवाज हलला नसता. "बदकांनी रियाज ऐकला," त्या म्हणाल्या. "आपण गाणं ऐकू या." आणि पुढचा सगळा कार्यक्रम त्यांनी तो माईक तसाच धरून केला. काही विनोद पडले, दोनदा क्रम चुकला, एका लहान मुलीचं नाव विसरल्या. पण शेवटपर्यंत नेला.

फराळ सुरू झाला तेव्हा सगळीकडे एकच विषय. बघितलंत ना, ताल अजून जुळतोय. काका मला म्हणाले, या दोघांना एकदा समोरासमोर बसवू या, तूही ये. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. इतकी बरोबर जागा आणि इतकं बरोबर वाक्य, हे असं वाया का घालवायचं? मी वायर गुंडाळत होते तर दादा येऊन उभे राहिले. "तोंडातून गेलं गं," म्हणाले. "बोलायला नको होतं. तिला राग आला का?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा ना. त्यांनी पलीकडे बघितलं. वहिनी टेबलावर ताटल्या मांडत होत्या, मग उचलत होत्या, परत मांडत होत्या. दादांनी कोट घातला, माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखा केला आणि बस पकडायला गेले. गेले ते बराच वेळ थांब्यावर उभे होते, खिडकीतून दिसत होते.

वहिनी मला सायकलींपाशी सापडल्या. मी म्हटलं, जमलं की! मग आता राहणार ना?

"बदकांच्या आधी मी थांबले होते," त्या म्हणाल्या. "तुला कळलं असेल."

कळलं होतं.

"त्याचं वाक्य बरोबर होतं. मीही तेच लिहिलं असतं. मला इतकं बरं वाटलं ना, की मी घाबरले." कुलूप उघडत नव्हतं, त्या किल्ली उलटसुलट फिरवत होत्या. "हे असं दर दिवाळीला मिळणार असेल, तर मी बाकीचं वर्ष त्याच्यासाठी काढीन. परत तसंच."

मग पुण्याला जाणार का, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, तेही नको, पुण्याला भाऊ आहे, तिथे तो माझी वाक्यं पुरी करेल. आर्नहेमच्या एका वीज कंपनीत त्यांना नोकरी मिळत होती, लोकांच्या तक्रारी फोनवर डचमध्ये ऐकून घ्यायची. पंधरा दिवस झाले होते आणि त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. आर्नहेम म्हणजे देशाचं दुसरं टोक. मी म्हटलं, "वहिनी, तिकडे आपलं कोणीच नाही."

"तेच तर," वहिनी म्हणाल्या, आणि कुलूप उघडलं.

मला वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं, आणि मी तिथे उभ्या उभ्या त्यांना तसं सांगितलंही. त्यांनी माझ्या गालाला हात लावला. हात बर्फासारखा गार होता आणि त्याला चिवड्याचा वास येत होता.

जानेवारीत त्या गेल्या. प्लेयर नेला, खोक्यातल्या त्या थोड्या तबकड्या नेल्या, बाकीचं वाटून टाकलं. मला इस्त्री मिळाली. त्यांच्या घरात एक तरुण डच जोडपं राहायला आलं, त्यांनी पहिल्याच आठवड्यात पुढच्या अंगणातल्या फरशा काढून माती मोकळी केली. सुरुवातीला मी वहिनींना मेसेज करायचे, त्यांचं उत्तर यायचं, बहुतेक वेळा एखाद्या पुलाचा नाहीतर टेकडीचा फोटो. आर्नहेमला टेकड्या आहेत, सायकल चालवताना दम लागतो, याचा त्यांना फार आनंद. भेटायला जायचं ठरायचं आणि राहायचं. आपलं सगळ्यांचं होतं तसं.

यंदा दिवाळीची बैठक झाली. मागच्या वर्षी नवं जोडपं उभं केलं होतं, बिचाऱ्यांनी पाठ करून म्हटलं, पण कार्यक्रमाला काही रंग चढला नाही. काका म्हणाले, जुनी जोडी परत आणू या. फक्त एका दिवसाचा प्रश्न आहे, दादांना विचारलंय, ते तयार आहेत. वहिनींना तू विचार, तुझं ऐकतील. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ते पटलं असं नाही, पण मनात कुठेतरी परत ती बदकं ऐकायची इच्छा होती. म्हणून मेसेज न करता सरळ फोन लावला, दुपारी, ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत.

फोन वाजत राहिला आणि मग वहिनींचा रेकॉर्ड केलेला आवाज आला.

आधी डचमध्ये. नाव, आत्ता फोन घेता येत नाही वगैरे. एका शब्दाला अडखळल्या होत्या आणि तो तसाच ठेवला होता, परत रेकॉर्ड केलं नव्हतं. मागून काहीतरी घरंगळत गेल्यासारखा आवाज, तिकडे तारेवर चालणाऱ्या बस आहेत, त्यातली एखादी असणार. डच संपलं आणि त्या थांबल्या. श्वास ऐकू आला. मीही इकडे थांबले. कोणी काही बोललं नाही. मग त्याच बोलल्या, मराठीत. "मी बाहेर आहे. काम असेल तर सांगा. नसेल तरी सांगा. मी उलट फोन करते."

सगळं एका पट्टीत, अगदी समोरून. कुठेही पातळ झालेलं नव्हतं.

बीप वाजला. जे विचारायला फोन केला होता ते मी विचारलं नाही.

"वहिनी, मी बोलतेय," म्हटलं. "काम काही नाही. आवाज स्वच्छ येतोय, एवढंच सांगायचं होतं."